आर्थर राउली यांचे ४३४ गोल कुठे गेले?

आज टीव्हीवर इंग्लिश फुटबॉलमधील सर्वकालीन गोलवीरांची यादी दाखवली आणि ॲलन शिअरर यांचे २६० गोल सर्वांत वर ठेवून कार्यक्रम संपवला. शिअरर थोर खेळाडू आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण फुटबॉल लीग १८८८ साली सुरू झालेली असताना इतिहास प्रीमियर लीग सुरू झाली त्या १९९२ पासून मोजायचा आणि स्टुडिओतल्या एकानेही त्यावर हरकत घ्यायची नाही, हे पाहून डोके फिरले.

आर्थर राउली यांचे लीगमधील गोल ४३४, सामने ६१९. डिक्सी डीन यांचा ३७९ गोलांचा विक्रम त्यांनी १९६१ मध्ये मोडला आणि त्यांचा स्वतःचा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. वेस्ट ब्रॉम आणि फुलहॅम हे क्लब करून ते १९५० साली लेस्टरला गेले, तिथे २५१ गोल केले; १९५८ मध्ये, बत्तिशीत, श्रूजबरी टाउनचे खेळाडू-व्यवस्थापक झाले आणि पहिल्याच हंगामात ३८ गोल करून त्यांनी संघाला लीगच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतून वर काढले.

मी श्रूजबरीत राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून गावाची जी ओळख करून दिली, तिची सुरुवातच राउलींपासून झाली. लहानपणी ते वडिलांबरोबर गे मेडो मैदानावर गोलच्या मागे उभे राहत. राउली डाव्या पायाने फ्री किक घ्यायला सरसावले की वडील पोराला ओढून आपल्या पाठीमागे घेत. चेंडू भिंतीपलीकडच्या सेव्हर्न नदीत गेलाच, तर टोपलीसारख्या गोल होडीतून एक माणूस तो काढून आणी.

त्यांचे बहुतेक गोल खालच्या श्रेणींतले आहेत आणि तिथला बचाव कच्चा असे, हे मान्य. आजोबांपाशी मी हा मुद्दा काढला, तेव्हा ते चिडले नाहीत. कोणत्या श्रेणीचा सामना आहे हे पाहून वडिलांनी मला पाठीशी घेतले नव्हते, एवढेच म्हणाले.

आणि त्या पिढीला मिळाले काय? १९४७ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त १२ पौंड, १९५८ मध्ये २०, आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. कारखान्यातल्या कामगारापेक्षा ते जास्त होते, ठीक आहे. पण हजारो लोक तिकीट काढून ज्याला पाहायला येत, त्याने कितीही गोल केले तरी त्याहून जास्त पगार देणे नियमाबाहेर होते. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे अडकवून ठेवू शकत असे. ही पगाराची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये उठली, तेव्हा राउली पस्तिशीला आले होते. इंग्लंडच्या मुख्य संघातून त्यांना एकही सामना मिळाला नाही. नॅट लॉफ्टहाउस यांच्यासारखे स्ट्रायकर त्या काळात होते, हेही खरे, तरी एक सामनासुद्धा नाही?

आता राग थोडा ओसरला आहे. पाऊस असो वा थंडी, आजोबांचे वडील दर शनिवारी ज्या माणसासाठी गोलमागे जाऊन उभे राहत, तो माणूस २००२ साली गेला. त्याला आता पगार देता येत नाही, देशासाठी खेळणाऱ्याला मिळते ती इंग्लंडची टोपीही देता येत नाही. त्याचे गोल मात्र मोजता येतात. वाहिनीला मी पत्र लिहिले आहे: यादीच्या मथळ्यात ‘प्रीमियर लीग’ हे शब्द घाला, नाहीतर पहिल्या ओळीत आर्थर राउली यांचे नाव लिहा.