मारुती ८०० ची कॉइल चेक करायचा तो मेसेज चुकीचा आहे

नाशिकच्या ग्रुपांवर परवापासून एक मेसेज फिरतोय की पावसात जुनी मारुती ८०० स्टार्ट होत नसेल तर कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करते ती) मधली वायर काढा, बॉडीपासून चांगली बोटभर लांब धरा नि सेल्फ मारा, ठिणगी उडाली नाही म्हणजे कॉइल गेली. असलं काही करू नका बाबांनो. त्या वायरमधे हजारो व्होल्ट असतात, गॅप एवढी मोठी ठेवली की ठिणगीला बाहेर वाट मिळत नाही मग ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते, म्हणजे चांगली कॉइल आपणच मारायची. वर शेजारी कार्बोरेटर, पेट्रोलचा वास येत असेल तर बोलायलाच नको.

ठिणगीच बघायचीय ना, मग एक स्पेअर प्लग घ्या, प्लगच्या वायरीत घाला, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवून ठेवा, हात लांब, गाडी न्यूट्रलला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर कडक ठिणगी आली तर इग्निशनला उगाच दोष देऊ नका.

खरं तर आपल्याकडच्या पावसाळ्यात बिचाऱ्या कॉइलपेक्षा डिस्ट्रिब्युटरची (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटतो तो) कॅप जास्त त्रास देते. उघडून आतून कोरड्या सुती फडक्याने पुसा, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, सरळ नवी टाका. वायरींवर आधी नंबर लिहा, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, १-३-२ आहे.

आणि हे सगळं सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही तेव्हाचं. नुसतंच टकटक होत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघा.