सतरा रुपये सत्तर पैसे

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू नये. हिशेबावर तर नाहीच नाही. हे शहाणपण मला बेचाळिसाव्या वर्षी आलं, तेही जूनमधल्या एका रविवारी, चहा यायच्या पाच मिनिटं आधी.

हातात वार्षिक हिशेबाची झेरॉक्स होती, वेळ जात नव्हता, म्हणून मी सहज विचारलं, "हे 'इतर खर्च' म्हणजे नक्की काय हो?"

सभा एकदम गप्प झाली. अकरा वर्षं खजिनदारकी केलेल्या काकांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "ह्यांना हिशेबातलं कळतं. मी ह्यांचं नाव सुचवतो." अनुमोदनाला एकदम सात हात वर. एरवी पाण्याची टाकी साफ करायच्या ठरावाला अनुमोदक मिळवायचा तर सेक्रेटरींना दारोदार बेल वाजवत फिरावं लागतं.

इतर खर्च म्हणजे काय, ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, बिलांची फाइल, चेकबुक आणि एक पेन्सिल असा कारभार त्यांनी माझ्या डायनिंग टेबलावर ठेवला.

"पेन्सिल कशाला, काका?"

"बँक जुळवायला. पेनने कधी जुळत नाही."

रजिस्टरची मागची पानं उघडली. खोडरबर फिरवून फिरवून कागद इतका झिजला होता की ऑगस्ट वाचताना मागचा सप्टेंबर दिसायचा. मी मनातल्या मनात हसलो. आपण काय, लॅपटॉपवाले. सोसायटीसाठी टॅली घ्यायचा ठराव मी पहिल्याच मीटिंगमध्ये मंजूर करून घेतला. हे सॉफ्टवेअर मुळात १९८६ साली एका वडिलांना धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं काही मिळेना, म्हणून त्यांच्या मुलाने लिहिलं. माझ्या वडिलांनी मला असं काही सांगितलं असतं तर मी त्यांना कॅल्क्युलेटर आणून दिला असता. असो.

एप्रिल ते जुलै अशा साडेतीन महिन्यांच्या नोंदी मी दोन शनिवार-रविवारात उरकल्या. लिफ्ट, टँकर, सफाई, वीज, अठ्ठेचाळीस फ्लॅटचा मेंटेनन्स. ऑडिटरसाहेबांना फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलं, "झालं सगळं." ते म्हणाले, "छान. बँक रिको केलं?"

बँक रिको म्हणजे बँक रिकन्सिलिएशन, म्हणजेच बँक जुळवणी पत्रक. आपल्या पुस्तकातली बँक शिल्लक आणि बँकेने सांगितलेली शिल्लक का जुळत नाही, याचा कबुलीजबाब. कॉमर्सच्या पोरांना हे अकरावीत शिकवतात. मी सायन्सचा. आम्ही तेव्हा बेडूक कापत होतो.

पहिला धक्का बसला तो नावे-जमेचा. आमच्या पुस्तकात पैसे आले की बँक खातं नावे होतं. बँकेच्या स्टेटमेंटवर तेच पैसे आमच्या खात्यावर जमा दिसतात. म्हणजे आमचं डेबिट ते त्यांचं क्रेडिट. मला वाटलं, बँकेने चार महिने सगळंच उलटं लिहिलंय. त्या तिरीमिरीत मी शाखेत फोनही लावला होता. नशीब, कोणी उचलला नाही. ऑडिटरसाहेबांनी समजावलं, "अहो, तुमचे पैसे बँकेकडे आहेत. म्हणजे बँक तुमची देणेकरी आणि तुम्ही बँकेचे सावकार." आमच्या घराण्यात सावकाराची पायरी चढलेले पुष्कळ, खुद्द सावकार मी पहिलाच. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सावकार, गॅस संपलाय."

काम तसं सोपं आहे. टॅलीत बँकेच्या लेजरमध्ये, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या बँक खात्यात, जुळवणी कुठल्या तारखेपासून करायची ते सांगायचं. मी १ एप्रिल टाकली. मग जुळवणीच्या पडद्यावर आपली एकेक नोंद दिसते आणि तिच्यासमोर एक रिकामी जागा असते, 'बँक डेट'. स्टेटमेंटमध्ये ती रक्कम ज्या दिवशी आली किंवा गेली, ती तारीख तिथे टाकायची. खाली तीन ओळी: पुस्तकाप्रमाणे शिल्लक, बँकेत अजून न दिसलेल्या रकमा आणि बँकेप्रमाणे शिल्लक. ही तिसरी ओळ आणि स्टेटमेंटचा शेवटचा आकडा एक आला की सुटलो.

पण त्या तारखा टाकायच्या कशाच्या आधारावर? आमच्याकडे मेंटेनन्स सगळ्यांना सारखा, २,८५० रुपये. चेकवाल्यांचं ठीक, चेकचा नंबर तरी असतो. पण महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने ओळीने सव्वीस वेळा २,८५० आलेत आणि प्रत्येक ओळीत बारा आकडी नंबरापुढे एक अर्धवट तुटलेलं नाव आहे. 'प्रसा'. आता हे प्रसाद की प्रसाद यांच्या मिसेस की प्रसाद नावाचा भाडेकरू? एकाचा मेंटेनन्स बंगळूरचा मुलगा भरतो, एकीचा जावई भरतो. शेरा लिहायच्या जागी फ्लॅट नंबर टाकावा अशी नोटीस तीनदा लावली. सी-३०१ यांनी 'पनीर २००' लिहून पाठवलं. लिफ्टमध्ये विचारलं तर म्हणाले, "आधीच्या पेमेंटचं राहिलं असेल हो. पैसे मिळाले ना?"

मिळाले हो. पण कुणाचे?

स्टेटमेंटची फाइल आत घेऊन सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं, असंही एक सुख आहे. ते मी घेऊन बघितलं. रक्कम सारखी दिसली की ते जोड्या लावतं. सव्वीस वधू, सव्वीस वर, सगळ्यांची उंची २,८५०. लग्नं लागली भराभर. कोण कुणाच्या घरी गेलं ते रुखवत उघडल्यावर कळलं. ज्या बी-२०४ ने जूनमध्ये दमडी भरली नव्हती, त्यांची मी भलतीच पावती फाडून ठेवली होती, तीही छान जुळली. आणि ज्यांनी खरोखर भरले होते त्यांना थकबाकीचं पत्र गेलं. त्यांनी ते पत्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, खाली नमस्काराच्या हातांचं चित्र. त्या चित्राचा अर्थ नमस्कार नव्हता.

या सगळ्यात एकच पुण्यात्मा: ए-१०२ मधल्या आजी. त्या दर महिन्याला २,८५१ भरतात. एक रुपया शकुनाचा. आजींची नोंद अठ्ठेचाळिसांत पहिल्या झटक्याला सापडते. वर्षअखेरीला सोसायटी त्यांचे बारा रुपये देणं लागते आणि ते मी ताळेबंदात भक्तिभावाने दाखवतो.

असो, तारखा टाकून झाल्या. खालची ओळ बघितली. सॉफ्टवेअर म्हणत होतं त्यापेक्षा बँकेत २,६०२ रुपये ३० पैसे जास्त होते. खरं सांगतो, आनंद झाला. कमी असते तर भरावे लागले असते. जास्त आहेत तर वाईट काय? ऑडिटरसाहेबांना हे फोनवर ऐकवलं. पलीकडे त्यांनी दीर्घ श्वास घेतल्याचं मला इकडे ऐकू आलं.

"मार्चमध्ये दिलेले आणि मार्चअखेर न वटलेले चेक होते का?"

होते की. काकांच्या पेन्सिलीत होते. एक लिफ्टवाल्याचा १४,५०० चा, २८ मार्चला दिलेला, एप्रिलच्या सहा तारखेला वटलेला. मी स्टेटमेंटमध्ये तो बघितला, आपल्याकडे नोंद दिसेना, म्हणून एप्रिलचा खर्च समजून नव्याने लिहून टाकला. खर्च गेल्या वर्षीच पडलेला होता. दुसरा चेक गुरुजींचा. २६ जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण होतो, त्याच्या दक्षिणेचा, १,१०० रुपयांचा. तो वटलाच नव्हता. गुरुजींना फोन केला.

"गुरुजी, सोसायटीचा चेक बँकेत टाकलात का?"

"कुठला? हां हां. पोथीत असेल बघा. पाचव्या अध्यायाची खूण म्हणून ठेवलाय."

"गुरुजी, चेक तीनच महिने चालतो. २०१२ पासून नियम आहे."

"अहो, पूजेचं फळ वर्षभर चालतं आणि दक्षिणा तीन महिने?"

याला उत्तर नव्हतं. तर असे जुने, लटकलेले चेक टाकायला 'ओपनिंग बीआरएस' नावाची वेगळी जागा असते. बीआरएस म्हणजे तेच, बँक जुळवणी पत्रक. दोन्ही तिथे टाकले, लिफ्टची दुबार नोंद पुसली आणि फरक बघितला. २,६०२.३० चा फरक उलट्या बाजूला पलटून १२,९९७ रुपये ७० पैसे झाला होता. चूक दुरुस्त केली म्हणून फरक पाचपट. आता बँकेत पैसे कमी होते. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात हात घालून बसल्या होत्या. एकीला उठवलं तर दुसरी रडायला लागली.

ऑडिटरसाहेबांनी मग दोन घरगुती उपाय सांगितले. फरकाची निम्मी रक्कम शोधा. ती सापडली तर नोंद उलट्या बाजूला पडलीय. आणि फरकाला नऊने भाग जातो का बघा. गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. मी निम्मे केले: ६,४९८.८५. असली रक्कम कुठेच नाही. नऊने भाग दिला, जाईना. हे उपाय एकच चूक असेल तर लागू पडतात, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

शेवटी पट्टी घेऊन स्टेटमेंटवर ओळीखाली ओळ सरकवत बसलो. रात्री साडेदहाला टँकर सापडला. टॅलीत पैसे दिले की एफ-फाइव्ह, आले की एफ-सिक्स. दोन कळांमध्ये बोटभरही अंतर नाही. टँकरवाल्याला दिलेले ६,४०० मी एफ-सिक्स दाबून लिहिले होते. म्हणजे भर मे महिन्यात, सगळी बिल्डिंग कळशा घेऊन उभी असताना, आमच्या पुस्तकाप्रमाणे टँकरवाला आम्हालाच पैसे देऊन गेला होता. उरला फरक १९७.७०. सव्वाअकराला प्लंबर: बिल ८,६४०, मी लिहिले ८,४६०. फरक १८०, नऊने बरोब्बर भाग जाणारा. साहेबांचा उपाय खरा ठरला, फक्त रोगी आधीच बरा झाला होता.

उरले १७ रुपये ७० पैसे.

आता १७.७० ही काय रक्कम आहे? मी सगळे व्हाउचर पालथे घातले. फाइलमधल्या टाचण्या मोजल्या. बारा वाजले. बायको पाणी प्यायला उठली, पडद्यावर नजर टाकून म्हणाली, "एसएमएसचे असतील. माझ्याही खात्यातून कापतात. तीन महिन्यांचे पंधरा, वर अठरा टक्के जीएसटी." पाणी पिऊन ती झोपायला गेली. मी ती रक्कम तासभर आमच्या पुस्तकात शोधत होतो. आमच्या पुस्तकात नव्हती म्हणूनच तर फरक होता! स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी, स्टेपलरच्या पिनेखाली ती ओळ शांतपणे बसली होती. पैसे कापल्याचा एसएमएस मात्र आलेला नव्हता. आला असेल तर काकांच्या मोबाइलवर, कारण खात्याला अजून त्यांचाच नंबर होता.

आता सरळ रस्ता असा की बँक चार्जेसचं व्हाउचर करायचं. पण आमच्या सोसायटीत व्हाउचरला तीन सह्या लागतात. सेक्रेटरी गावाला, चेअरमन झोपलेले. आणि रात्री सव्वाबाराला माणसाचं डोकं ज्या दिशेने धावतं, त्या दिशेने माझं धावलं. मी गेटवरच्या क्यूआर कोडचा फोटो काढला आणि माझ्या खात्यातून सोसायटीला १७ रुपये ७० पैसे पाठवून दिले. पाच मिनिटांनी शिल्लक बघितली. जुळली! पैशापर्यंत. मला शांत झोप लागली.

ऑडिटरसाहेब पुढच्या मे महिन्यात आले. चहा घेतला, स्टेटमेंटवर पेन फिरवलं आणि थांबले.

"इथे १७.७० गेलेत, पुस्तकात नाहीत. इथे १७.७० आलेत, तेही पुस्तकात नाहीत."

"पण साहेब, फरक शून्य आहे."

"दोन पावसाळ्यांत घर दोनदा गळलं तर कोरडं म्हणायचं का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "आलेले कुणाचे?"

"माझे."

"कशाबद्दल?"

काय सांगणार? मेंटेनन्स म्हणावा तर रक्कम बसत नाही. देणगी म्हणावी तर देताना सभासदाचा काय हेतू होता, असं त्यांनी विचारलं. हेतू झोपायचा होता. अखेर दोन्ही नोंदी रीतसर झाल्या, तीन-तीन सह्यांनिशी. गेलेले बँक चार्जेसमध्ये गेले. आलेले 'इतर उत्पन्न' या सदराखाली उत्पन्न-खर्च पत्रकाच्या छापील कागदावर आले, एकटेच, पुढे १७.७०.

जूनमध्ये सभा भरली. झेरॉक्स वाटल्या गेल्या. चहा यायला पाच मिनिटं होती. मागच्या रांगेतून सी-४०२ मध्ये नुकताच राहायला आलेला एक तरतरीत तरुण उभा राहिला. टी-शर्टवर कुठल्याशा आयटी कंपनीचं नाव, हातात कागद.

"एक शंका होती. हे इतर उत्पन्न, सतरा रुपये सत्तर पैसे, म्हणजे काय?"

मी चष्मा काढला. पुसला. खिशात ठेवला.

पहिल्या रांगेत ए-१०२ च्या आजींनी, मी तोंड उघडायच्या आतच, अनुमोदनासाठी हात वर केला होता.