कडुनिंबाचे आळे

आज सकाळी फिरून परत येताना नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोपऱ्यावर पाय थबकले. तीन मजूर तेथे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसवत होते आणि त्यांची शेवटची ओळ थेट कडुनिंबाच्या बुंध्याला भिडली होती. मध्ये उरलेल्या बोटभर फटीतही सिमेंटचा माल भरून तो थापीने घोटून गुळगुळीत केलेला होता. मी मिस्त्रीला विचारले, तर तो म्हणाला, ‘‘ताई, आम्हाले सांगतलं तसंच करून राहिलो. पानं झाडून काढाले सोपं जाते म्हणे.’’ त्याला मी काय बोलणार? त्याला सांगणारे आम्हीच होतो. वर्गणी आमची होती, आणि लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पटापट उमटलेले अंगठेही आमचेच होते. मी त्या आठवड्यात मुलीकडे पुण्याला होते आणि गट्टू बसवण्याचा तो निरोप न वाचताच पुढे गेले, हेही येथे लिहून ठेवते.

आम्ही १९९४ साली येथे राहायला आलो तेव्हा या लेआउटमध्ये नऊ घरे होती आणि सावली कुठेच नव्हती. मे महिन्यात दुपारी अंगणात पाय ठेवणे शक्य नसे. समोरच्या घरातल्या आबाजींनी त्या पावसाळ्यात कोपऱ्यावर कडुनिंबाचे रोप लावले, त्याभोवती चांगले दीड हात रुंदीचे आळे केले आणि पुढचा उन्हाळा लागताच वहीच्या कागदावर नऊ घरांच्या पाळ्या लिहून तो कागद घरोघरी फिरवला. रोज संध्याकाळी एका घराने एक बादली पाणी घालायचे, आणि ते नळाचे ताजे पाणी नको, भांडी विसळलेले किंवा भाजी धुतलेले हवे, अशी त्यांची अट होती. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आमची पाळी असली की ती आपली लहानशी बादली दोन्ही हातांनी धरून निघायची आणि आळ्यापर्यंत पोहोचेतो त्यातले अर्धे पाणी तिच्याच फ्रॉकवर सांडलेले असायचे. आबाजी तिला न हसता म्हणायचे, ‘‘झाडाले पुरते तेवढं.’’

त्या आळ्यापाशीच आम्ही एकमेकांना ओळखू लागलो. कुणाच्या घरी कोण आजारी आहे आणि कुणाच्या मुलाला गणित जमत नाही, हे सारे तेथेच कळायचे. माझ्या सासूबाईंना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले तेव्हा रिक्षा आणायला धावलेला माणूस मला या बादलीमुळेच माहीत झालेला होता. पर्यावरण हा शब्दही तेव्हा आमच्यापैकी कुणी उच्चारला नव्हता.

आणि आता वर्तमानपत्राचे अख्खे पान भरून जाहिराती येतात की शहराबाहेर निसर्गाच्या कुशीत घर घ्या, तेथे हिरवळ आहे, फुलपाखरांची बाग आहे. मला अशा जाहिरातींचा मनापासून राग येतो. आहे ती माती सिमेंटखाली गाडायची आणि मग निसर्ग विकत घ्यायला वर्धा रोडने वीस किलोमीटर गाडी पळवायची, याला निसर्गाशी नाते कसे म्हणायचे? शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला बागेतल्या झाडाचे नाव ठाऊक असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

झाडाची मुळेही श्वास घेतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. तो थर बंद केला की पाणीही जात नाही आणि हवाही जात नाही, आणि मग एखाद्या वादळात ते झाड कोसळले की आपणच त्याला धोकादायक ठरवतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आबाजींना तो आदेश कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कुणी विसरलेले नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, आणि लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभर लिटर पाणी. दीड हजार चौरस फुटांच्या एका प्लॉटवर ते जवळपास चौदा हजार लिटर होते. प्रत्येक अंगण, प्रत्येक पदपथ आणि प्रत्येक आळे आपण बुजवले, तर हे पाणी नाल्याकडे न धावता जाणार कुठे? एका झाडाच्या आळ्याने पूर थांबत नाही, हे मान्य आहे. पण शहरभरच्या लेआउटमध्ये बुजवलेल्या अशा सगळ्या आळ्यांची बेरीज कुणी करायची?

आपण सगळेजण व्याख्यानांत मेंढा-लेखाचे उदाहरण देतो. आपल्याच विदर्भातल्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून ते जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा हक्क, मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेत आली आहे. एकाचीही हरकत असली तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. त्या गावाने एवढे जंगल बोलून सांभाळले आणि आम्हा शिकलेल्या माणसांना एका कडुनिंबासाठी अर्धा तास एकत्र बसता आले नाही. हे लिहिताना मला शरम वाटते.

आता दुसरी बाजू. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांच्या आई फाटकाजवळच्या चिखलात घसरून पडल्या आणि त्यांचा हात मोडला. गट्टूंची मागणी शेजाऱ्यांनी केली ती त्यामुळेच. फाल्गुनात कडुनिंबाची पाने खरोखर ढिगाने गळतात आणि रोज झाडणाऱ्या बाईची कंबर मोडते, हेही खरे आहे. सकाळी मी शेजाऱ्यांना फोनवर फार तडकून बोलले आणि ते मला दिवसभर डाचत राहिले.

म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. मी झाडाचे बोलणे काढण्याआधीच त्या म्हणाल्या, ‘‘तुमची पोरगी फ्रॉक ओला करून यायची, ते आठवते मले. पाय पुसायला मीच फडकं देत होती.’’ मला पुढे काही बोलवेना. आबाजींना जाऊन आता अकरा वर्षे झाली, त्यांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे, आणि तो पाळ्यांचा कागद या माऊलीच्या मनात अजून शाबूत आहे. चैत्रात त्या कडुनिंबाला मोहोर येतो तेव्हा रात्री त्यांच्या खोलीपर्यंत वास पोहोचतो. पाडव्याची कोवळी पाने सारा लेआउट त्याच्याच खालच्या फांद्यांवरून नेतो. पावसाळ्याच्या तोंडाशी निंबोळ्या पिकल्या की धनेशाची जोडी येऊन बसते. हे त्यांनीच मला सांगितले, मी त्यांना नाही.

त्यांच्या मुलाशी बोलणे झाले आहे. बुंध्याभोवतीचे दीड हाताचे गट्टू उचलायचे आणि तेच फाटकाजवळ, जेथे त्या पडल्या होत्या, तेथे बसवायचे, याला ते तयार आहेत. पानांसाठी मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करू. खत तेथेच तयार होईल. सिमेंटचा माल अजून पुरता मुरलेला नाही, त्यामुळे उद्या सकाळी साडेसहाला सब्बल आणि घमेले घेऊन आम्ही तेथे असू. लेआउटमधल्या ज्यांना ही पोस्ट दिसेल त्यांनी यावे, आणि येताना भांडी विसळलेल्या पाण्याची एक बादली आणावी. दोन घरांचा होकार अजून आलेला नाही. त्यांच्याकडे मी आता जेवण झाल्यावर जाणार आहे.