डॉट ५ म्हणजे 'भारीतलं डॉट ४' नव्हे

एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक घरी ब्लीड करताना (म्हणजे आतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढताना) 'डॉट ४ ऐवजी डॉट ५ ब्रेक ऑइल भरा, नंबर मोठा म्हणजे ऑइल भारी' असा सल्ला सध्या फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलची ऑइलं. डॉट ५ सिलिकॉनचं. ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत. ब्रेकवरच्या निपलला (ऑइल बाहेर सोडायच्या तोटीला) नळी लावून, बुडबुडे थांबेपर्यंत पेडल मारलं तरी कॅलिपरच्या (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) कानाकोपऱ्यात जुनं ऑइल उरतंच आणि नव्यात न मिसळता पडून राहतं.

सिलिकॉन पाणी शोषत नाही, हे खरं. पण म्हणूनच आत शिरलेलं पाणी वेगळं राहून सगळ्यात खालच्या जागी साचतं. तिथे गंज धरतो, आणि ब्रेक खूप तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

सांडलं तरी गाडीचा रंग खराब होत नाही हा सिलिकॉनचा खरा फायदा. ग्लायकॉल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं फडकं फिरवून भागत नाही.

तरीही डॉट ५ च हवं असेल तर आधी सगळं खोला, सील बदला, पाइप धुऊन कोरडे करा. बाटली अजिबात हलवू नका, हवेचे बारीक बुडबुडे त्यात लवकर सुटत नाहीत. एवढा खटाटोप नको असेल तर सीलबंद डब्यातलं ताजं डॉट ४ भरा आणि दर दोन वर्षांनी बदला.