‘इथे राजकारण नको’ म्हणणाऱ्या पालकांना, रेडिंगहून

‘हा ग्रुप मुलांच्या अभ्यासासाठी आहे, कृपया इथे राजकारण नको.’ खाली जोडलेले हात. नागपूरहून धाकट्या बहिणीनं तिच्या मुलाच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा हा स्क्रीनशॉट पाठवला आणि माझा अख्खा दिवस त्याच्यावर चरफडण्यात गेला.

झालं होतं एवढंच. भाच्याच्या शाळेसमोरचा रस्ता सिमेंटचा झाला. नागपुरात सिमेंट रस्ता होतो म्हणजे काय होतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. रस्ता वर जातो, घरं आणि फाटकं खाली राहतात, आणि पावसाळ्यात पाणी आपल्या दारात. शाळेच्या फाटकात घोट्याच्या वर पाणी, त्यातच ऑटो आणि व्हॅनची झुंबड. एका आईनं लिहिलं, पालकांच्या सह्या घेऊ, महापालिकेच्या झोन ऑफिसात देऊ, आणि नव्यानं निवडून आलेल्या नगरसेवकांना एकदा शाळा सुटायच्या वेळी इथं उभं करू. त्यावर ॲडमिनसाहेबांचं हे उत्तर. पाठोपाठ अंगठे. मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून ‘शुभ सकाळ’ केलं आणि विषय मिटला.

मुलाचे बूट रोज भिजतात, यात अभ्यासाचं काय आणि राजकारणाचं काय?

मी इथं इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये एका प्रायमरी शाळेची पालक-गव्हर्नर आहे, म्हणजे शाळेच्या कारभार मंडळावरची पालकांची प्रतिनिधी. निवडून आलेली. (जागा एक आणि अर्जही एकच होता, पण ते सोडा.) आमच्या बैठका दुसरीच्या वर्गात होतात. बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं, समोर बजेटचा कागद, हातात चहाचा मग. मागच्या खेपेला बॉयलरच्या कोटेशनवरून एक प्लंबर बाप हेडटीचरशी असा भिडला की शेवटी नवं कोटेशन मागवावं लागलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत उभे. शाळेसमोरच्या ट्रॅफिकबद्दल आम्ही काही आया शनिवारी लायब्ररीत काउन्सिलरची ‘सर्जरी’, म्हणजे लोकांना भेटायची वेळ असते, तिथं गेलो. त्याला कुणी राजकारण म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी कुणाला वाईट वाटलं नसतं.

आणि आपल्याकडे कायदे नाहीत असंही नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले, निम्म्या जागा बायकांना दिल्या. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि फीवाढीचा प्रस्ताव तिच्यासमोर ठेवायचा. चिठ्ठ्या टाकून! म्हणजे मुख्याध्यापकांच्या मर्जीतले चार पालक आपोआप येऊ नयेत, हे कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं. बहिणीला विचारलं, तुमच्या शाळेत चिठ्ठ्या कधी काढल्या? ती म्हणाली, समितीची यादी थेट व्हॉट्सॲपवरच आली, आम्ही ‘अभिनंदन’ टाकलं.

वस्तीची गोष्ट याहून वाईट. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या आल्या. पुढे राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे आपापल्या भागातल्या मतदारांची सभाही आली. नागपुरातल्या किती जणांनी क्षेत्रसभेची नोटीस डोळ्यांनी पाहिली आहे? मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तर महापालिकेचं सभागृहच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली, तेव्हा अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटमधल्या लोकांना दार ठोठवायला नगरसेवक नव्हता. शेवटी रहिवासी हायकोर्टात गेले. नाल्याची भिंत आणि पाण्याची वाट, ज्या गोष्टी प्रभागाच्या बैठकीत ठरायला हव्यात, त्या खंडपीठापुढे याचिका म्हणून गेल्या. तेव्हाही ‘राजकारण नको’वाले होतेच. आता १५१ नगरसेवक परत आलेत, तरी यांचं तेच.

हे सगळं मी फोनवर बोलले. बहीण ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘ताई, तू तिथे बसून बोलून राहिली. तुमच्याकडे कौन्सिलला किती लोक मत देतात ते सांग ना आधी.’

तिनं गूगल केलं होतं. इंग्लंडात स्थानिक निवडणुकीला तीनात एक मतदार बाहेर पडला तरी बरं म्हणायचं. नागपूर महापालिकेला मतदान निम्म्याच्या वर जातं. मी विषय बदलला.

ती बदलू देईना. रस्त्याचा ठेकेदार त्याच लेआउटमध्ये राहतो. व्हॅनवाला एका नगरसेवकाच्या नात्यातला. ॲडमिनचं स्वतःचं दुकान आहे आणि वरच्या मजल्याचं बांधकाम मंजुरीला अडकलंय. ‘तो भित्रा नाही, त्याला उद्याही इथंच राहायचं आहे,’ ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लंबर बाप हेडटीचरशी भांडून सुखानं घरी जातो, कारण त्याच्या नळाच्या धंद्याचं लायसन्स तिच्या मेव्हण्याच्या टेबलावर नसतं.

आणि नागपूर गप्प बसणारं गाव नाहीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा सोबतच्या बडग्यांच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांच्या गळ्यात कुणाकुणाच्या नावाच्या पाट्या असतात ते बघा. महागाई, खड्डे, पुढारी, कुणाला सोडत नाहीत. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळी पीडा गावाबाहेर जाळायची. अजनीची झाडं तोडायला निघाले तेव्हा रस्त्यावर उतरलेली माणसंही इथलीच. गर्दीत नागपूरकर वाघ आहे. कागदावर नाव आणि घर नंबर लिहून सही करायची म्हटली की मात्र फूल टाकतो.

मी तरी इथं एवढी धीट कशी? कारण इथं मी कुणाचीच कुणी नाही. रेडिंगमध्ये कुणी माझ्या बाबांना ओळखत नाही. कॉमनवेल्थची नागरिक म्हणून मे महिन्यात निळा भारतीय पासपोर्ट दाखवून मी इथल्या कौन्सिलला मत देते. इथला रस्ता बिघडला तर चिडते, मेल लिहिते, विसरून जाते. ज्या फाटकातून माझी मुलं कधी जाणार नाहीत, तिथल्या पाण्यानं मात्र झोप उडते. आणि तिकडे परदेशस्थ मतदार म्हणून नाव घातलं तरी आमदार-खासदारासाठीसुद्धा पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं. विमानाचं तिकीट काढून मत देण्याइतकं प्रेम माझं आहे का, हे मी स्वतःला विचारत नाही.

परवा बहिणीनं सांगितलं, त्या आईनं वेगळा ग्रुप काढलाय. सह्यांचा कागद फिरतोय, आणि तिथं पहिलं ठरलं ते हे की शाळेला पत्र लिहून समितीच्या चिठ्ठ्या पालकांसमोर काढायला लावायच्या. मी म्हटलं, मला ॲड कर, इथल्या बैठकांच्या अजेंड्याचा नमुना पाठवते.

‘तू नको,’ ती म्हणाली. ‘तू आली की सगळे रेडिंगवरच भांडत बसतील.’

नमुना मी तरीही तिला पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.