सूर्यफूलवाल्यांच्या कमेंटला उत्तर (मुंबई-दिल्लीचे सव्वादोन तास)

मुंबई-दिल्ली विमानप्रवासाला सव्वादोन तास लागतात, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप उडाली. प्रोफाइलला सूर्यफूल आहे त्यामुळे सर म्हणू की मॅडम कळेना, असो. तुम्ही लिहिलंय, "११४० किमी भागिले ८००, झाले एक तास पंचवीस मिनिटं, हे सातवीतलं पोरगंही सांगेल, सव्वादोन तास कुठून काढले? येतानाचा वेळ वेगळा असतो तेही लिहिलं नाही, नवी मुंबईच्या विमानतळाचा तर उल्लेखच नाही."

आधी चूक कबूल करतो. पोस्टमध्ये नॉटिकल मैल (विमान-जहाजांचं अंतर मोजायचं माप) म्हणजे १.८२५ किमी असं लिहिलं गेलं, ते १.८५२ हवं. दुरुस्त केलंय. अर्थात ती तुम्हाला दिसली नव्हती, माझी मलाच सापडली, तेव्हा कोण किती बारकाईने वाचतं ते बघा.

आता सातवी. अहो, "आकडा जुळत नाहीये, जरा सांगता का" एवढं विचारलं असतं तर मी चहा पाजून समजावलं असतं, त्यात सातवीतलं पोर कशाला आणायचं? मी सात-आठ वर्षं ऑफिसच्या कामाने दर महिन्याला दिल्लीला गेलोय, पहाटे साडेतीनला उठून, आणि बोर्डिंग पासच्या मागे वेळा लिहायची सवय होती (बायको अजून हसते). एक समोरच आहे: दार बंद ६.०५, चाकं उचलली ६.३२, दिल्लीत टेकलो ८.११, दार उघडलं ८.२७. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, म्हणजे इकडच्या गेटवरून विमान हललं तिथपासून तिकडच्या गेटला थांबेपर्यंत. मुंबई विमानतळावर रनवे दोन, पण एकमेकांना छेदणारे, त्यामुळे एका वेळी एकच चालतो आणि सकाळी विमानांची रांग लागते. ११४० हे नुसतं सरळ अंतर, विमान ठरलेल्या मार्गाने वळसे घेत जातं, आणि तुमचा ८०० चा वेग ३५ हजार फुटांवर पोचल्यावरचा, चढता-उतरताना तो कुठला मिळायला. पुण्याहून दादरला येताना एक्स्प्रेसवेचा स्पीड धरून कोणी घरी जेवायची वेळ सांगतं का? तुम्ही सांगत असाल तर घरच्यांचं कौतुक आहे.

येतानाचं म्हणाल तर हा रूट साधारण उत्तर-दक्षिण, वाऱ्याने पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. मुंबई-लंडन असतं तर गोष्ट वेगळी, तिकडे जाताना जेट स्ट्रीम (उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा) समोरून येतो आणि तासभर जास्त लागतो. पोस्ट लंडनवर नव्हती. नवी मुंबईवरही नव्हती.

बोर्डिंग पासचा फोटो खाली टाकतोय, छापील अक्षरं उडून गेलीत पण माझं पेन वाचता येतं. वजाबाकी तेवढी तुम्ही करा.