सात हजार झाले म्हणून घुडखर सुटला का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. कच्छच्या रानगाढवांची, म्हणजे घुडखरांची, संख्या 7672 झाली, आता संरक्षण कशाला, पाच हजार चौरस किलोमीटर पडीक जमीन अडवून ठेवलीय ती सोलरला द्या, ही गाढवं शेतं खातात ते वेगळंच आणि शेवटी गाढवच ते. खाली वीस अंगठे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर 'अगदी बरोबर' लिहिलंय. काका, राग मानू नका, पण थोडं बोलतो.

आकडा खरा आहे. 2024 च्या गणनेचा आहे, 2020 ला 6082 होते. पण त्याआधीचा आकडा फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलाय. सर्रा हा रक्तातला रोग आणि घोड्यांचा एक आजार येऊन गेल्यावर 1962 च्या आसपास 870 उरले, ते 1969 ला 362 वर आले. आता विचार करा, एकेकाळी सिंध-बलुचिस्तानपर्यंत हिंडणारं हे जनावर, त्याची जंगलात उरलेली जगातली एकमेव जागा म्हणजे कच्छचं छोटं रण आणि त्याच्या कडेचा पट्टा. सगळे पैसे एकाच बँकेत ठेवल्यासारखं आहे हे, बॅलन्स कितीही दिसला तरी झोप लागू नये.

आता 'पडीक'. हा शब्द आपण मुंबईकरांनी तरी जपून वापरावा, भांडुप-वडाळ्याच्या मिठागरांनाही लोक पडीकच म्हणतात आणि 26 जुलैला पाणी कुठे जायचं ते विचारत नाहीत. रणात गेलात तर नुसती तडकलेली माती दिसते, गवताची काडी नाही, मलाही आधी वाटलं होतं हे खातात काय. खाणं असतं बेटांवर. बेट म्हणजे रणातले उंचवटे, पुंग बेट वगैरे. पावसाळ्यात नद्यांचं आणि खाडीचं पाणी भरलं की रणाची उथळ तळी होतात, तेव्हा घुडखर बेटांवर चढतात नाहीतर कडेला येतात, कोरडं झालं की मधला सपाट भाग पार करून इकडून तिकडे जातात. म्हणजे मधली 'रिकामी' जागा हा त्यांचा रस्ता आहे हो, तिथे कुंपणं घातली तर बेटं राहतील आणि तिथे पोचायची वाट जाईल. त्यात बेटांवर गांडो बावळ (वेडी बाभूळ) माजलाय, गवत दाबतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या शेंगा घुडखरच खातात नि लिदीतून बी पसरवतात.

'शेवटी गाढवच' यावर फार वेळ घालवत नाही. आपलं पाळीव गाढव आफ्रिकेतल्या जंगली गाढवापासून आलंय, हा आशियातला वेगळा प्राणी, माणसाळलेला नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर बसलाय.

राहिलं शेतीचं, आणि इथे मात्र फॉरवर्डचं खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. नर्मदेच्या कालव्याचं पाणी आलं तशी पिकं रणाच्या कडेपर्यंत सरकली, रात्री कळप शिरतो, शेतकरी जागत बसतो. पण संख्या वाढली की जनावर कडेला येणारच ना, आणि तुम्ही वर रणाचा मधला भागही द्यायला सांगताय, मग ते कुठे जाईल? त्याच शेतकऱ्याच्या जिऱ्यात.